नीळकंठरावांची राखीव टाकी

नीळकंठराव पांढरीपांडे यांना ज्यांची भीती वाटत नाही अशा गोष्टी मोजायच्या झाल्या असत्या, तर एका हाताची बोटं पुरून वर दोन उरली असती. नेरच्या कचेरीत ते अव्वल कारकून होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत खात्री केल्याशिवाय त्यांनी एकाही कागदावर सही केली नव्हती. खात्री झाल्यावरही सही जरा बारीकच करायचे, म्हणजे पुढे काही निघालंच तर ती कोणाची हे चटकन कोणाच्या ध्यानात येऊ नये.

अशा माणसाने वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मोटारगाडी घेतली ती लेकीपायी. अनघा पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली होती. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यावर तिची आई शुभदाबाई ठाम होत्या आणि त्या ठाम असल्या की नीळकंठराव आपोआप ठाम असत. अडचण एवढीच, की अनघाची डॉक्टरीणबाई यवतमाळची. नेरपासून तीसेक किलोमीटर. बाई हसून म्हणाल्या होत्या, "कळा सुरू झाल्या की निघा, तासाभरात आरामात पोचाल." बाकी सगळे ते ऐकून निर्धास्त झाले. नीळकंठरावांच्या मनात मात्र तो एक तास घर करून बसला. तासाभरात काय काय होऊ शकतं याची त्यांनी मनातल्या मनात यादी केली. यादी तासाभरात संपली नाही.

म्हणून पुसदच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडून दहा वर्षं वापरलेली पांढरी गाडी आली. नीळकंठराव एकवीस दिवस शिकवणीला गेले, बाविसाव्या दिवशी लायसन्सच्या परीक्षेत उतरले आणि तिसऱ्या खेपेला पास झाले. गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा शुभदाबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, आणि अनघा म्हणाली, बाबा, आता तरी नीट झोपा. दोन दिवस ते खरंच झोपले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरचा भीमसिंग आला. भीमसिंगचं कृषी केंद्र होतं. गिऱ्हाईक नसलं की तो मोबाइल बघायचा आणि मोबाइलमध्ये जे दिसेल ते गल्लीला सांगणं आपलं कर्तव्य समजायचा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीच्या झाकणावर टिचकी मारली आणि विचारलं, "भाऊसाहेब, साधंच पेट्रोल टाकून राह्यले का?"

नीळकंठराव म्हणाले, हो. तसे ते आयुष्यात सगळं साधंच वापरत आले होते.

"मंग कठीण आहे," भीमसिंग म्हणाला. "आता त्यात स्पिरिट मिसळते नं. नव्या गाडीले काई नाही होत. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप फुगते, पानी धरते, अन् चालता चालता गाडी बंद. माह्या साडभावाची अशीच पडली. रानात. दोन घंटे."

दोन तास. रानात. नीळकंठरावांना पुढचं सगळं दिसायला लागलं: निर्मनुष्य रस्ता, बंद गाडी, मागच्या सीटवर कळा देणारी अनघा, आणि हातात फुगलेला रबरी पाइप घेऊन उभे ते स्वतः. त्यांनी उपाय विचारला. भीमसिंगने सांगितलं, प्रीमियम टाका. लिटरमागं सात-आठ रुपये जास्त जातील, पण गाडी मख्खनसारखी चालेल. नेरला भरवशाचं मिळणार नाही, यवतमाळलाच भरा.

शेजारचे डोमाजी एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. हजारो इंजिनं हाताखालून गेलेला माणूस. त्यांचं मत उलट पडलं. "इंजिनाले काय समजते साहेब, प्रीमियम का साधं? चाकातली हवा पाहा, पाणी पाहा, अन् चालवत राहा. गाडी चालवल्यानं नाही बिघडत, भेल्यानं बिघडते."

पुण्याहून जावई मंदारने फोनवर सांगितलं की गाडीसोबत पुस्तिका असते, त्यात कोणतं इंधन चालतं ते छापलेलं असतं. मुख्याध्यापकांनी पुस्तिका प्लास्टिकचं कव्हर घालून जपली होती. त्यात साधं चालतं असं स्वच्छ लिहिलं होतं. पण पुस्तिका दहा वर्षांपूर्वीची. जुन्या परिपत्रकावर विसंबून नव्या प्रकरणात निर्णय घेतल्याने किती कारकून चौकशीत सापडले हे नीळकंठरावांना पाठ होतं.

रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर झाले आणि पहाटे त्यांना कचेरीतलाच नियम आठवला: दोन अभिप्राय आले, तर ज्यात नंतर आपल्यावर काही येणार नाही तो धरावा. प्रीमियम टाकून गाडी बंद पडली तर ते नशीब. साधं टाकून बंद पडली तर ते नीळकंठराव. निर्णय झाला.

पण टाकीत अर्धी टाकी साधं पेट्रोल होतं, त्याचं काय? त्यातच प्रीमियम ओतायचं म्हणजे घागरभर ताकात दूध ओतण्यासारखं. आधी साधं संपवायला हवं. मग नीळकंठराव रोज कचेरीतून आल्यावर गाडी काढून नेरमध्ये चकरा मारू लागले. बसस्थानक, बाजार ओळ, पुन्हा बसस्थानक. काही काम नसताना हा माणूस गाडी फिरवतोय हे लोकांच्या लक्षात आलं. कोणी म्हणालं, वरकमाई दाखवतोय. कोणी म्हणालं, निवृत्तीनंतर निवडणुकीला उभा राहणार. बत्तीस वर्षं ज्यांनी कोणाचा चहासुद्धा बेताने घेतला, त्या नीळकंठरावांना हे फार लागलं. पण त्यांनी लेकीकडे पाहून अपमान गिळला आणि दुसरा गियर टाकला.

काटा तळाला टेकला त्या दिवशी किरकोळ रजा टाकून ते एकटेच यवतमाळला निघाले. हिशेब असा होता की पंपाच्या दारात साध्याचा शेवटचा थेंब जळावा आणि तिथेच प्रीमियमचा पहिला पडावा. हिशेब चार किलोमीटरने चुकला. एका चढावर गाडी दोनदा उचकी दिल्यासारखी हलली आणि थांबली.

त्यांनी नेहमीप्रमाणे आधी चहूकडे पाहिलं, कोणी बघत नाही ना. अमरावती-यवतमाळ एसटी नेमकी तेव्हाच आली. खिडकीत त्यांच्याच कचेरीतला शिपाई होता. त्याने आदराने नमस्कार केला. नीळकंठरावांनीही स्टिअरिंगवरून हात उचलून नमस्कार केला, जणू या जागी गाडी उभी करून निसर्ग पाहायचं त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

ऑटोत लटकून ते पंपावर पोचले आणि पाण्याची रिकामी बाटली पुढे केली. तिथली बाई, खिशावर दीपमाला असं नाव, म्हणाली, "काका, बाटलीत देता येत नाही. बोर्ड वाचा." नीळकंठरावांनी बोर्ड वाचला. बोर्ड अगदी नियमाप्रमाणे होता आणि नियमापुढे ते स्वतःच मान तुकवणारे होते, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही. त्यांनी आपली ओळख सांगितली. ती म्हणाली, साहेबांनाही देता येत नाही. शेवटी त्यांनी खिशातला कागद काढला आणि पंपाच्या कठड्यावर टेकून अर्ज लिहिला: विषय, गाडी रस्त्यात बंद पडल्याने बाटलीत पेट्रोल मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये. दीपमालाने अर्ज शांतपणे वाचला. अक्षर चांगलं आहे म्हणाली, आणि अर्ज परत केला.

मग डोमाजींना फोन झाला. नीळकंठराव ऑटोने गाडीपाशी परतले. पाऊण तासाने डोमाजी मोटारसायकलवर आले, नळी काढली, एक टोक स्वतःच्या टाकीत घातलं, दुसरं तोंडात धरून ओढलं, थुंकले, आणि धार गाडीच्या टाकीत सोडली. नीळकंठरावांना एकदम कळलं की हे तर साधं. आठ दिवस चकरा मारून, बदनामी सोसून जी टाकी त्यांनी कोरडी ठणठणीत केली होती, तिच्यात डोमाजी नेरचं पेट्रोल ओतत होते.

"थांबा, थांबा, फार नको," ते केविलवाणे म्हणाले.

डोमाजींनी तोंड पुसलं. "पंपापावतर जायाचं का इथंच राह्यचं? तुम्ही सांगा."

शेवटी टाकी प्रीमियमने काठोकाठ भरली. दीपमालाने मशीनचे आकडे दाखवले तेव्हा नीळकंठरावांनी डोळे किलकिले केले, पण मनाला बरं वाटलं. परतताना गाडी खरंच मऊ चालतेय असं त्यांना वाटलं. डोमाजींनी ओतलेलं ते अर्धा लिटर साधं पेट्रोल मधूनमधून आठवायचं, तेवढं सोडलं तर.

आणि इथे नीळकंठरावांच्या हातून ती चूक झाली, जी त्यांच्यासारख्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. त्या घरात चांगली वस्तू वापरायची पद्धत नव्हती. काचेचे कप पाहुण्यांसाठी कपाटात होते आणि पाहुणे आले की ते फुटतील म्हणून स्टीलचे निघत. नीळकंठरावांच्या लग्नातला सूट अजून कोऱ्यासारखा होता, फक्त त्यात मावणारे नीळकंठराव उरले नव्हते. तीच शिस्त पेट्रोलला लागू झाली. हे पेट्रोल अनघाच्या दिवसासाठी. त्याआधी त्यातलं टिपूसही जळायचं नाही. गाडी अंगणात लागली, तिच्यावर ताडपत्री आली, किल्ली देवघरात गणपतीमागे गेली. शुभदाबाईंना बोरी अरबला भाचीच्या साक्षगंधाला जायचं होतं, तर सगळे एसटीने गेले, आठव्या महिन्यातली अनघा घरी बसली. भेटायला आलेल्या माणसांना नीळकंठराव ताडपत्रीचा कोपरा उचलून गाडी दाखवायचे आणि टाकी पूर्ण आहे असं कोणी न विचारता सांगायचे.

डोमाजींनी दोनदा बजावलं. "रोज दहा मिनिटं सुरू करत जा साहेब. बॅटरी बसून जाईन." नीळकंठराव हो म्हणायचे. मग दहा मिनिटं गुणिले तीस दिवस असा गुणाकार करायचे आणि किल्लीला हात लावायचे नाहीत.

पण गुणाकार हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. एका सकाळी ते किल्ली घेऊन गाडीत बसले होते, किल्ली घातलीही होती, आणि मनात आलं: समजा फिरवली आणि नाही सुरू झाली तर? मग आजपासून तो दिवस येईपर्यंत झोप कशी लागायची? न फिरवलेल्या किल्लीत गाडी चालूच होती. ते हळूच उतरले, दार न वाजवता लावलं आणि किल्ली गणपतीमागे ठेवून दिली. सबंध महिना ते असेच जगले, भीतीवर ताडपत्री टाकून.

तो दिवस मंगळवारचा निघाला, सकाळी दहाचा. नीळकंठराव कचेरीत जायला बूट घालत होते. अनघा दाराला धरून उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, निघायला लागेल."

महिनाभर ज्याची तालीम केली ते सगळं ते त्या क्षणी विसरून गेले. एका पायात बूट, एका पायात चप्पल असे ते देवघरात गेले, गणपती आडवा करून किल्ली काढली, ताडपत्री ओढली, बसले, किल्ली फिरवली. गाडीने टक् असा एक आवाज केला. पुन्हा फिरवली. तेवढाही आला नाही. समोर काटा मेलेला पडला होता, पण टाकी भरलेली आहे हे त्यांना माहीत होतं. काठोकाठ भरलेली टाकी आणि एक इंच न हलणारी गाडी. ते नुसतीच किल्ली फिरवत राहिले.

शुभदाबाईंनी एका हाताने लेकीला धरलं आणि दुसऱ्या हाताने ॲम्ब्युलन्सचा नंबर फिरवायला घेतला. तेवढ्यात डोमाजी आले. त्यांचं आठ दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर काळा चष्मा, जड उचलायची बंदी. त्यांनी बॉनेटकडे पाहिलंही नाही. "बॅटरी," एवढं म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून गल्लीला हाका मारल्या. भीमसिंग धावत आला, त्याच्या दुकानात बी-बियाणं घ्यायला आलेले दोघे आले, इस्त्रीवाला आला. डोमाजींनी हुकूम सोडले: बाकीच्यांनी मागून ढकला. साहेब, दुसरा गियर, क्लच दाबा, मी म्हणलो की सोडा. पहिल्या वेळी नीळकंठरावांनी भीतीने आधीच सोडला आणि ढकलणारी सगळी माणसं डिकीवर आदळली. दुसऱ्या वेळी सोडलाच नाही. तिसऱ्या वेळी गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली.

चालू झाली म्हणजे चालायलाच लागली. नीळकंठरावांना थांबवायचा धीर होईना, थांबली आणि बंद पडली तर? त्यांनी घर ओलांडलं, गल्ली ओलांडली, समाजमंदिराला वळसा घातला आणि परत घरासमोरून गेले. अनघा पायरीवर ओठ दाबून उभी होती, डोमाजी हातवारे करत होते. दुसऱ्या फेरीला डोमाजी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. "क्लच दाबून उभी करा, अन् रेस देत राहा. पोरीले बसू द्या आधी!"

तीस किलोमीटर. त्या तीस किलोमीटरचं वर्णन नीळकंठराव आजही करू शकत नाहीत, कारण त्यांना आठवतो तो फक्त आवाज: इंजिनाचा आणि मागच्या सीटवरून येणाऱ्या अनघाच्या श्वासाचा. ते दोन्ही आवाज एकाच वेळी ऐकत होते आणि कुठला आधी बदलेल या धास्तीने मानसुद्धा वळवत नव्हते. चढावर इंजिन जरा जड झालं तर ते मनात म्हणायचे, प्रीमियम आहे, प्रीमियम आहे. मागे अनघा कळवळली की त्यांना वाटायचं, पेट्रोलचं काय घेऊन बसलोय मी. शुभदाबाई एकदाच बोलल्या. "सावकाश घ्या. सगळं ठीक आहे."

दवाखान्याच्या दारात नर्सेस चाकांची खुर्ची घेऊन आल्या. अनघाला आत नेलं, शुभदाबाई मागे धावल्या. नीळकंठराव मात्र गाडीत बसून राहिले. गाडी चालू होती.

वॉचमन आला. काका, इथं नाही थांबता येत. नीळकंठरावांनी गाडी कुंपणाजवळ निंबाच्या झाडाखाली नेली, पण बंद केली नाही. वॉचमन म्हणाला, मग बंद तर करा. ते म्हणाले, बंद करता येत नाही. पुन्हा सुरू झाली नाही आणि लेकीला नागपूरला हलवायची वेळ आली तर? वॉचमनने त्यांच्या एका पायातला बूट आणि दुसऱ्या पायातली चप्पल पाहिली आणि तो निघून गेला.

पहिला तास गेला. पुण्याहून मंदारचा फोन आला, तो रडवेला झाला होता. नीळकंठरावांनी त्याला धीर दिला की गाडी चालू आहे. दुसऱ्या तासाला शुभदाबाईंचा फोन आला: बाळाचे ठोके जरा कमीजास्त होताहेत, बाई म्हणतात वाट पाहू, नाहीतर ऑपरेशन. तुम्ही येता का वर? ते म्हणाले, येतो, आणि उठले नाहीत. काटा आता टाकी पूर्णच्या खाली सरकत होता. महिनाभर त्यांनी थेंब थेंब राखलेलं ते महागाचं पेट्रोल एका जागी उभं राहून जळत होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. जळो. सगळी टाकी जळो, फक्त वरून वाईट निरोप येऊ नये.

इंजिनाने तीन तासांत एकदाही आवाज बदलला नाही. ते प्रीमियममुळे की कशाने, यावर भीमसिंग आणि डोमाजी यांचं पुढे बरेच दिवस भांडण चाललं. नीळकंठरावांना कोणी विचारलं तर ते विषय बदलतात.

अडीच वाजता शुभदाबाई स्वतः खाली आल्या. केस विस्कटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मुलगी झाली, म्हणाल्या. ऑपरेशन लागलं नाही. दोघी बऱ्या आहेत.

नीळकंठरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते, म्हणून पुसताही येईना. "अनघा बोलावतेय तुम्हाला," शुभदाबाई म्हणाल्या.

"मी कसा येऊ? गाडी चालू आहे."

शुभदाबाईंनी घसरलेला पदर सावरला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ती आत सारखी विचारत होती, बाबा कुठं आहेत. भ्यायली होती हो पोर. आणि तुम्ही इथं गाडी राखत बसलात."

नागपूरचं कारण नीळकंठरावांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, कारण ते खरं नव्हतं. वर दवाखान्याच्या लांब, पांढऱ्या व्हरांड्यात बाकावर बसून दार उघडायची वाट पाहायची त्यांची हिंमत नव्हती. गाडीत निदान हातात काहीतरी होतं. पेट्रोल साधं की प्रीमियम यात तर दीड महिना त्यांनी मन गुंतवलं होतं, कारण ज्याची खरी भीती वाटत होती त्यावरचा उतारा कोणत्याच पंपावर मिळत नव्हता. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

त्यांनी किल्ली उलटी फिरवली. इंजिन बंद झालं. निंबाखाली एवढी शांतता झाली की त्यांना दचकल्यासारखं झालं. मग ते उतरले आणि बायकोच्या मागे जिना चढले.

अनघा उशीला टेकून पडली होती, चेहरा उतरलेला पण हसरा. शेजारी पांढऱ्या दुपट्यात काहीतरी लालसर, मूठभर. नीळकंठराव पायाशी उभे राहिले.

"बाबा, गाडी बंद केली?" अनघाने विचारलं.

"केली."

"आता सुरू नाही झाली तर?"

"नाही झाली तर नाही झाली," नीळकंठराव म्हणाले. "मला आता कुठं जायचंय?"

नर्सने बाळ उचलून त्यांच्यापुढे धरलं. बाळ नीट धरता येईल अशी आपल्या हातांची त्यांना काही खात्री नव्हती. तरीही त्यांनी ते पुढे केले.